देवीदास काकांच्या नावची डबी

राजिम, मेळ्याचं मैदान
१८ फेब्रुवारी २०२५

मावशीले परागचा नमस्कार. काकाले नमस्कार नाही. विसरलो नाही, मुद्दामच नाही केला.

तुझं पत्र परवा भेटलं. पोस्टमन बिचारा आकाशपाळणा शोधत आला, इथं पाळणे तीन, तर तो पत्र मौतच्या कुव्यावाल्याले देऊन गेला. त्या बहाद्दरानं आधी पुरं वाचून काढलं, मग मले आणून देलं अन् वरून म्हणतो, "भाई, चाचा को अस्पताल ले जाओ." म्हणजे पाह्य, जो माणूस रोज संध्याकाळी फटफटी उभ्या भिंतीवर फिरवते, हात सोडून फिरवते, त्याच्या ध्यानात आलं. काकाच्या नाही येत!

तू पत्रातच लिहीत जा, तेच बरं. घरातला फोन काकाच्या खिशात, अन् स्पीकरवर टाकल्याशिवाय त्यायले बोलता येत नाही. तुझं-माझं बोलणं मग पावर हाउस बाजारातल्या भाजीवाल्यायलेही ऐकू जाते. माझा फोन तर डिझेलच्या टाकीत गेला, तो किस्सा वेगळा आहे, पुढं सांगतो.

मले समजलं ते असं. पेन्शनर लोकायच्या संघटनेनं पद्मनाभपुरच्या हॉलात शिबिर ठेवलं. लॅबवाल्यायनं दर पेन्शनरले एक डबी देली. घरी जाऊन त्यात संडासचा नमुना द्यायचा, त्यातून आतड्याच्या कॅन्सरची खूण ओळखू येते. काकाची डबी गेली. काकाच्या नावानं रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. लॅबची पोरगी, रेणू, तिनं फोन करून सांगितलं की कॅन्सर आहेच असं नाही, पण आतून दुर्बीण घालून पाहणं जरुरी आहे. अन् काका म्हणतात, मले काही नाही झालं, मी नाही जात. बरोबर ना?

आता मले राग कायचा आला ते ऐक. काका भितात म्हणून नाही. भिऊ द्या, मीपण दात काढायले भितो. पण तू लिहिलं की हॉलात कोणी सुटाबुटातला माणूस भाषण देऊन गेला, की ही एपिजेनेटिक खूण असते, तुमच्या सवयीनं, तुमच्या खाण्यानं तुम्हीच आपल्या जीनवर लिहिलेली असते. अन् काकानं घरी येऊन चार लोकायसमोर सांगितलं, "हिच्या हातचं तिखट खाऊन खाऊन लिहिल्या गेलं." हे कोणतं शास्त्र? तीस वर्ष तुझ्या हातचं बोटं चाटून खाल्लं, सावजी मसाला कमी पडला तर ताट सरकवलं, अन् आता आतड्यात काही निघालं तर तिखट तुझं?

मी पाळण्याच्या मालकाच्या फोनवरून त्या रेणूलेच फोन केला. आधी झाडली तिले. म्हटलं, तुमी लोक बिमाऱ्यायची चिठ्ठी फाडता अन् दोष बायकोच्या चुलीवर टाकता. ती शांत निघाली. म्हणे, भैया, भाषण मी नाही देलं, मले विचारलं असतं तर असं बोलूच नसतं देलं. मग तिनं समजावून सांगितलं अन् मले चटकन समजलं, कारण पाळण्याचंच आहे ते. पाळण्याले ब्रेकचा दांडा असतो. समज, दांडा साबूत आहे, पट्टा साबूत आहे, पण कोणी तरी दांड्याले दोरी बांधून ठेवली. ब्रेक तुटला नाही, पण लागतही नाही. पाळणा सुटला की सुटला. तसे पेशीले आवरणारे काही जीन असतात. ते तुटत नाहीत, त्यायच्यावर एक बारीक रासायनिक खूण चिकटते अन् ते बंद पडतात. आतड्यातून झडलेल्या पेशी संडासमधून बाहेर येतात, त्यायच्यात ही खूण दिसते. तिले मिथायलेशन म्हणतात. आता दोरी कोणी बांधली? ती म्हणे, वय असते, तंबाखू-दारू असते, खाणंपिणं असते, कितीकदा काहीच समजत नाही. एका माणसाकडं बोट दाखवून तुझ्या अमक्या भाजीनं झालं असं जगात कोणी सांगू शकत नाही.

हे काकाले वाचून दाखवजो. मोठ्यानं.

माझं बरं चालू आहे. इथं एक म्हातारा उकडलेले बोरं विकते, त्यायच्यात काय टाकते कोण जाणे, मी रोज खातो. एक कुत्रं पाळण्याखाली झोपते अन् पाळणा फिरला की उठून नेमकं बाहेर जाते. कोणी शिकवलं त्याले? असो. काकाले दवाखान्यात ने. नाही गेले तर मले कळव.

तुझा,
पराग


भिलाई
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय परागले मावशीचा आशीर्वाद.

पत्र दुपारी आलं, हे झोपले होते तेव्हा. वाचलं. दाखवलं नाही. तू काय काय लिहिते रे, मोठ्या माणसाले असं कोणी लिहिते काय.

यायचं एकच पालुपद, मले काही नाही झालं. मी म्हटलं, रिपोर्टात लिहिलं ते खोटं काय? तर हसतात. खरंच हसतात, पराग. भ्यायलेला माणूस असा हसत नाही. अमरदीप बाबू, तेच ते संघटनेचे अध्यक्ष, घरी येऊन सांगून गेले की देवीदास, जाऊन ये, पेन्शनरच्या कार्डावर सगळं फुकट होते. तर यायनं त्यायले चहा पाजला अन् म्हटलं, "यार, आमच्या मिसेसले विचार, ती कोणत्या मसाल्यात काय टाकते." दोघं हसले. मी कप उचलून आत गेली.

मले तुले काही विचारायचं आहे. तुझी त्या रेणूशी ओळख झाली तर विचारून सांग. एक, ते दुर्बिणीचं करते वेळी दुखते काय. दोन, तिथं बाई डॉक्टर असते काय, का सगळे माणसंच असतात. तीन, सोबत आलेल्या माणसाले आत बसू देतात काय, त्याले डॉक्टरशी बोलता येते काय. चार, खूण दिसल्यावर किती महिने थांबलं तर चालते.

बाकी ठीक. यंदा ऊन आत्तापासूनच लागून राहिलं. मले गच्चीवर कपडे टाकायले जाववत नाही, मधल्या पायरीवर बसावं लागते. शेजारची मनकर्णा माझी बादली वर नेऊन देते. शनिवारचं भजन सोडलं, एवढा वेळ एका जागी बसणं होत नाही. तू जेवण नीट करत जा. बोरं खाऊ नको, पोटाले चांगलं नाही.

फोन डिझेलमध्ये कसा पडला ते लिहिलंच नाही.

तुझी मावशी,
भागाबाई


कवर्धा
११ मार्च २०२५

मावशी,

फोन असा पडला की मी टाकीत वाकून किती डिझेल राहिलं ते पाहत होतो अन् कोणाचा तरी मेसेज आला, खिशात कापरं भरलं अन् गेला आत. मेसेज कोणाचा होता ते समजलं नाही, हीच चुटपूट लागून आहे.

तुझे प्रश्न मी रेणूले विचारले. सांगतो. दुखत नाही, झोपेचं इंजेक्शन देतात, उठल्यावर माणूस विचारते की झालं काय. आदल्या दिवशी मात्र पावडर घोळून ढीगभर पाणी प्यावं लागते अन् संडासच्या वाऱ्या. बाई डॉक्टर असतात, आधी सांगितलं तर मिळते. सोबतचा माणूस आधी-नंतर बोलू शकते डॉक्टरशी. अन् महिने-बिहिने मोजत बसायचंच नाही, म्हणे, आजच जा. लवकर सापडलं तर बहुतेक लोक बरे होतात, अन् उशीर केला तर ते आतड्याच्या बाहेर पडते.

पण बाई डॉक्टर कायले पाहिजे? काकाले माणूस डॉक्टर चालत नाही? गजब आहे. बाहेर मिशा अन् आतून लाजाळू.

मावशी, माझं डोकं गरम आहे. हसतात म्हणून लिहिलं ना तू, तेच डोक्यात बसलं. स्वतःच्या जिवावर आलं तरी हा माणूस हसते, अन् तू त्याच्यासाठी पायरीवर बसून राहिली. हो, मले समजते. ऊन नाही ते. काकाच्या काळजीनं तू वाळून राहिली. यायले फिकीर नाही अन् तुले दुप्पट! भजन सोडायची काय गरज होती? त्यायच्या बिमारीनं त्यायचं भजन सुटाले पाहिजे, तुझं कावून?

काल इथं आमचा पाळणा मधातच अडकला. सगळ्यात वरच्या डब्यात नवं लग्न झालेलं जोडपं. खालून पोरीची सासू ओरडे, "मेरे बेटे को उतारो." बेटे को! बाजूले सून बसली आहे तिचं नावच नाही. मी वर चढलो, आधी सुनेले उतरवलं. सासू मले मारायले धावली. मालकानं त्या दिवशीचं जेवण कापलं. कापू दे.

आता मीच सरळ काकाले लिहितो. तुझ्यानं काही होत नाही, तू फार नरम आहे. पुढचं पत्र डोंगरगडच्या मेळ्यावर टाक, आमचा मुक्काम आता तिथं.

पराग


भिलाई
२ एप्रिल २०२५

पराग,

तू यायले लिहू नको. मी सांगून राहिली, लिहू नको.

परवा मी यायच्यासमोर बसली अन् म्हटलं, माझ्यासाठी चला. तुमाले काही नसन, पण माझ्यासाठी एकदा दवाखान्यात चला, मी सोबत येतो. हे म्हणाले, "तुले फिरायचं असन तर मैत्री बागेत नेतो, दवाखान्यात कायले?"

तू म्हणतो नरम आहे. असन. सध्या अंगात ताकदच नाही. पोळी दोन घास जाते अन् पोट फुगते. चैत्र नवरात्रीचे उपास यंदा नाही धरले. मनकर्णा म्हणे, केस किती गेले तुझे.

हे प्रकरण आता सोडून दे. मेळ्यात लक्ष दे. डोंगरगडले आहे म्हणतो, इतक्या जवळ, पण येऊ नको. आला तर भांडशील.

मावशी


भिलाई
१० एप्रिल २०२५

चि. पराग,

मले लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. भाषा सुधारणे. काकाले "भित्रे" अन् "मिशावाले लाजाळू" लिहिते काय कोणी? आयटीआय अर्धवट सोडून झुले फिरवतो म्हणून शिस्त सोडायची नसते. तुझ्या मावशीच्या हातात पडण्याच्या आधी मीच घेतलं ते पत्र, पोस्टमन ओळखीचा आहे.

आता नीट ऐक अन् ऐकून लाइन क्लिअर कर. पुन्हा या विषयावर पत्र नको.

त्या डबीत माझं काही नोहतंच. पस्तीस साल मी मालगाडीचा गार्ड होतो. दल्ली-राजहराचं लोहा घेऊन भिलाई, अन् रिकाम्या डब्यायची रॅक घेऊन वापस. गार्डच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, संडास नसते. उन्हात, पाण्यात, सिग्नल नाही भेटला तर दिवसभर दाबून बसलो, पण कधी इज्जत सोडली नाही. अन् आता रिटायर झाल्यावर म्हणतात डबीत हाग, चमच्यानं उचल, झाकण लाव, नाव लिही. मी म्हटलं, हट्! पण अमरदीपनं संघटनेच्या ग्रुपवर नावं टाकणं चालू केलं, कोणी कोणी डबी जमा नाही केली. रोज माझं नाव वरती. मग तुझ्या मावशीले म्हटलं, तुझंच टाकून दे, कोण पाहून राहिलं. तिनं टाकलं. मी जमा केली. विषय संपला.

आता तूच सांग. टाकलं बाईनं, अन् पॉझिटिव्ह आलं माझ्या नावानं! म्हणजे ती मशीन किती भंगार असन? ज्याचं नाही त्याले कॅन्सर सांगते. म्हणून मी हसतो. मी धडधाकट आहो. सकाळी पाच वाजता उठून चालतो, पोट घड्याळावर.

तुझी मावशी मात्र आजकाल कुरकुर फार करते. उन्हाळा सोसत नाही तिले. तू तिले काहीबाही लिहून डोकं खाऊ नको.

देवीदास
रि. गार्ड


गोंदिया
२४ एप्रिल २०२५

मावशी,

काकाचं पत्र डोंगरगडवरून फिरत आज इथं भेटलं. तुले हे मी कवडूच्या हातानं पाठवून राहिलो. कवडू आमचा ट्रक ड्रायव्हर, भिलाईले बेअरिंग आणायले येऊन राहिला. त्याले सांगितलं आहे, मावशीच्या हातातच देजो, मिशावाल्याले नाही. बाकी घर, पोस्टमन, फोन सगळं काकाचं आहे, म्हणून.

मी ते पत्र वाचून आधी हसलो. खरं सांगतो. "पोट घड्याळावर" वाचून हसलो. मालकाले वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, अबे, पण मग टाकलं कोणी? अन् मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मशीन भंगार नाही. मशीननं बरोबर वाचलं. नाव खोटं होतं.

हा माणूस लिहितो, तिनं टाकलं, पॉझिटिव्ह आलं, अन् त्याच्या पुढच्या ओळीत लिहितो मी धडधाकट आहो. मधात त्याले काहीच दिसलं नाही? तू त्याच घरात राहते. त्याच्या समोरून पायरीवर बसत बसत वर जाते. तो तुले उन्हाळा म्हणते! चोर असता, खुनी असता तर मी समजलो असतो, बावा, वाईट माणूस आहे. हा वाईटही नाही. याले तुझ्या अंगात आतडं आहे हेच माहीत नाही. त्याले वाटते, आतडं, कॅन्सर, कार्ड, डबी, सगळं पेन्शनरले असते. अन् वरून तिखट! तुझ्याच पोटातल्या दुखण्याचा दोष तुझ्याच मसाल्यावर, अन् तू उभी राहून ऐकलं, कप उचलून आत गेली.

मी रेणूले फोन केला. तिले काकाचं पत्र वाचून दाखवलं. मग तीही भडकली. म्हणे, भैया, त्या दिवशी हॉलात खुर्चीवर पेन्शनर, अन् मागं त्यायच्या बायका चहाचे कप धुवून राहिल्या होत्या. मी साहेबाले म्हटलं, यायलेपण डब्या देऊ. साहेब म्हणे, यादीत पेन्शनरचं नाव आहे, बायकोचं नाही. मावशी, त्या सगळ्या बायकायच्या पोटात काय भुसा भरला आहे?

ती म्हणते, आता दुसरी डबी मागत बसू नका. ज्यानं नमुना दिला त्यानं सरळ दुर्बिणीले जायचं. अन् एक विचार म्हणे. रक्त जाते काय? मावशी, रक्त जाते काय? मले नको सांगू, लाज वाटत असन तर. डॉक्टरले सांग.

तू विचारलं होतं, बाई डॉक्टर असते काय. मी काय उत्तर देलं, ते आठवून मले आत्ता ट्रकच्या चाकाले लाथ माराविशी वाटते. मारली. अंगठा सुजला.

मनकर्णाले घे अन् जा. काकाचं कार्ड घे, त्यावर तुझा फोटोपण आहे. मी येतो. बेअरिंग बसलं की येतो.

पराग


नागपूर, दवाखाना, बायकांचा वॉर्ड
१६ मे २०२५

पराग,

तू आला नाही. बेअरिंग बसलं नसन. का मधात कुठं कुत्रं पाहत उभा राहिला? तुझा राग पोस्टानं येते, ट्रकनं येते, तू येत नाही. हेपण लिहून ठेवते, कारण आता मले सगळ्यायचाच राग येऊन राहिला अन् त्यातून तुले वगळायचं मले कारण दिसत नाही.

कवडूनं चिठ्ठी देली त्या रात्री मी यायच्यासमोर ठेवली. वाचली यायनं. मग म्हणाले, "पोरगं बेताल झालं." मी म्हटलं, मी उद्या नागपूरले जातो, कार्ड द्या. हे म्हणाले, मी येतो सोबत, तू काय बोलशील तिथं.

तू म्हणशील, आधी कावून नाही सांगितलं. ज्या दिवशी रिपोर्टाचा फोन आला, स्पीकरवर, मी भाकरी थापत होती. मले तेव्हाच समजलं होतं की हे माझं आहे. पण सांगितलं असतं तर यायनं डबीचं खोटं केलं हे संघटनेत जाहीर झालं असतं. यायची इज्जत सांभाळायची इतकी सवय, की आपल्या पोटाच्या आधी तीच आठवली. म्हणून मी यायले दवाखान्यात ढकलत होती. हे दुर्बिणीले गेले असते तर मी सोबत गेली असती, अन् यायचं झाल्यावर डॉक्टरले हळूच विचारलं असतं, की साहेब, असंच एखाद्या बाईले होत असन तर? हा माझा बेत होता. तीन महिने हाच बेत. आता लिहिताना माझं मलेच नवल वाटते अन् संताप येते.

इथं बाई डॉक्टर भेटली. लहान आहे, तुझ्याच वयाची असन, चष्मा लावते. तिनं विचारलं, रक्त जाते काय? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "नाही नाही, रक्त-बिक्त काही नाही, हिले उन्हाळा लागते." मी म्हटलं, जाते. तिनं विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, पोळ्यापासून. हे माझ्याकडं पाहतच राहिले. "पोळ्यापासून? मले कावून नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुमी कधी विचारलं?" डॉक्टरीण म्हणाली, काका, तुमी बाहेर बसा.

बाहेर बसवलं, पराग. यायले कोणी बाहेर बसा म्हटल्याचं मी लग्नापासून पाहिलं नाही. मग मी तिले सगळं सांगितलं. रक्ताचं, वजनाचं, रात्री उठून साडी धुण्याचं, भजनात बसवत नाही त्याचं, अन् डबीचंपण. डबीचं ऐकून तिनं पेन खाली ठेवला. म्हणाली, "मावशी, तुम्ही तुमची तपासणी करून घेतलीत, नाव तेवढं दुसऱ्याचं घातलं." मी म्हटलं, नाव घालायले जागाच नोहती.

दुर्बीण झाली. डाव्या बाजूले गाठ निघाली. तुकडा तपासाले पाठवला, तो कॅन्सरचाच निघाला. स्कॅनमध्ये बाहेर कुठं पसरलेलं दिसत नाही, पण पक्कं ते कापल्यावरच समजते म्हणाली. आत्ता आली म्हणून बरं, असं ती दोनदा म्हणाली. ऑपरेशन मंगळवारी.

आता ऐक. भेटायले माणसं येतात ना, नागपूरचे सोयरे, हे त्यायले काय सांगतात माहीत आहे? "मी टेस्ट करवली म्हणून लवकर सापडलं. आपण सायन्सवाले माणूस आहो." काल चौघायसमोर सांगितलं. मी सलाइन लावून पडली होती. म्हणाली, "डबी कोणी भरली तेपण सांगा." मग हे बाहेर जाऊन आले अन् हळू आवाजात म्हणाले, "दहा-बारा दिवस तू इथं, मग माझ्या जेवणाचं काय?" मी म्हटलं, घरी तिखटाचा डब्बा भरलेला आहे, आपल्या हातानं टाका, मग पाहा काय लिहिल्या जाते ते.

पराग, मी आयुष्यात इतकं वाकडं कोणाले बोलली नाही. अन् बोलल्यावर मले भूक लागली. पाव खाल्ला, पूर्ण.

हे पत्र मी खाटेवर बसून, उघड लिहून राहिली. हे समोर स्टुलावर बसले आहेत. आत्ताच विचारलं, "कोणाले लिहून राहिली एवढं?" म्हटलं, परागले. "काय लिहिलं?" म्हटलं, ऐकायचं आहे? ऐका मग. अन् मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. सगळं. भाकरी थापतानाचं, बेताचं, बाहेर बसवल्याचं, स्टुलावरच्या माणसालेच, खाटेवर बसून.

हे उठून गेले नाहीत. मले वाटलं होतं जातील. हाताचे पंजे गुडघ्यावर ठेवून बसले होते, गाडी सुटाची वाट पाहत बसतात तसे. मग म्हणाले, "ते डॉक्टरणीले काय काय सांगितलं, ते पुन्हा वाच."

म्हटलं, कोणतं?

म्हणाले, "रात्री उठून साडी धुत होती ते. ते मले माहीत नाही."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं पंख्याचं बटण बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. मी पुन्हा वाचलं. मोठ्यानं.

मावशी